चिठ्ठी कोणी लिहिली?

माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी बारनिशीत काढली. बारनिशी म्हणजे आवक-जावक. सकाळी टपाल यायचं, अण्णा पाकिटं फोडायचे, प्रत्येक कागदावर गोल शिक्का मारून तारीख घालायचे, आवक नोंदवहीत नंबर चढवायचे आणि ज्याचा कागद त्याच्या टेबलावर रवाना करायचे. म्हणजे साहेबांना आलेली बहुतेक पत्रं साहेबांच्या आधी अण्णांनी वाचलेली असायची! शाळेत असताना मला या गोष्टीचा केवढा अभिमान वाटायचा.

एकदा मी त्यांना विचारलं, "अण्णा, मग साहेबांच्या नावाने उत्तरंपण तुम्हीच पाठवता का?"

अण्णा हसले. म्हणाले, "अरे, पाकीट फोडणं वेगळं आणि सही करणं वेगळं." मग त्यांनी बोटं मोजत सांगितलं. साधं पाकीट मी फोडतो. 'गोपनीय' लिहिलेलं असेल तर हात लावत नाही, तसंच आत पाठवतो. उत्तराचा मसुदा कोणीही लिहील, पण सही साहेबांची. आणि साहेब रजेवर असतील तर त्यांच्या हाताखालचे अधिकारी सही करतात, पण साहेबांच्या हुद्द्याच्या आधी 'करिता' असं लिहून. "तो 'करिता' विसरायचा नाही बघ. उद्या चौकशी लागली तर त्या एका शब्दावर माणूस वाचतो किंवा बुडतो."

तेव्हा मला त्यात फारसं काही कळलं नाही. पुढे मी संगणकाच्या धंद्यात शिरलो, ईमेलचे सर्व्हर सांभाळायला लागलो, आणि अण्णांच्या त्या चार वाक्यांची किंमत मला फार उशिरा आणि दुसऱ्याच्या खर्चाने कळली.

झालं असं. २००४ साल. पुण्यातली एक छोटी कंपनी. नाव सांगत नाही, आणि सांगून काही फायदाही नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेण्यासाठी तिथे एक सामाईक मेलबॉक्स होता. सात जण तो दोन पाळ्यांत बघायचे. मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, सातही जणांना त्यातल्या मेल वाचता आल्या पाहिजेत आणि त्याच पत्त्यावरून उत्तरं गेली पाहिजेत. रास्त मागणी होती. मी सातही जणांच्या स्वतःच्या खात्यांना त्या मेलबॉक्सचे हक्क दिले. वाचता येऊ लागलं. पाठवता मात्र येईना. 'या नावाने पाठवण्याची तुम्हाला परवानगी नाही' असा निरोप उलट यायचा.

मी परवानगी काढली, पुन्हा दिली. मंडळींना बाहेर पडून पुन्हा आत यायला सांगितलं. पुन्हा काढली, पुन्हा दिली. पाऊण तास हा खेळ चालला. मॅनेजरसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे. शेवटी ते म्हणाले, "अहो, एवढं कशाला? त्या मेलबॉक्सचा पासवर्डच देऊन टाका ना सगळ्यांना." आणि मी दिला. दुसऱ्या दिवशी तो पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून एका मॉनिटरला चिकटवलेला होता.

सात-आठ महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका संध्याकाळी सात वाजायच्या सुमारास, दोन्ही पाळ्यांची माणसं हजर असताना, त्या पत्त्यावरून एका जुन्या ग्राहकाला मेल गेली. तुम्हाला साध्या सूचना वाचता येत नसतील तर आमचा नाइलाज आहे, अशा थाटाची. ग्राहक वयस्कर होते. त्यांनी ती मेल छापून थेट मालकांना पाठवली.

संशय गेला तो सगळ्यात नव्या मुलावर. कारण काय, तर त्याच्या बोलण्यात थोडा फटकळपणा होता. तो माझ्याकडे आला. रडवेला वगैरे झाला नव्हता, उलट बराच निश्चिंत होता. म्हणाला, "सर, तुमच्या सर्व्हरला तर माहीत असेल ना कोणी पाठवलं ते?"

मी नोंदी काढल्या. सर्व्हरच्या लेखी मेल पाठवली होती त्या सामाईक खात्याने. पाठवली ज्या संगणकावरून, तो दोन्ही पाळ्यांची मंडळी वापरायची. बाकी काहीही नाही. सर्व्हरला काही माहीत नव्हतं, कारण मीच त्याला माहीत होऊ दिलं नव्हतं.

त्या मुलाला काढून टाकलं नाही. त्याचा करार संपला तेव्हा तो पुढे वाढवला नाही, एवढंच. त्यानेच लिहिली असेल किंवा नसेल. ते आजही मला ठाऊक नाही, आणि खरा सल तोच आहे.

त्यानंतर बरीच वर्षं मी या एका प्रश्नाच्या मागे लागलो. उघडणं आणि सही करणं यातला फरक संगणकवाल्यांना कधी कळला? आपल्या धंद्यात कोणाला तो सुचलाच नव्हता का? शोधता शोधता जे हाती लागलं, ते आज सांगतो.

गोष्ट सुरू होते १९६० च्या दशकात, अमेरिकेत, एमआयटीमध्ये. तिथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची यंत्रणा उभी केली होती. एकच मोठा आयबीएमचा संगणक आणि तो एका वेळी अनेकांनी टर्मिनलवरून वापरायचा. आज याचं काही वाटणार नाही, पण तेव्हा ही क्रांती होती. आणि एका यंत्रावर अनेक माणसं आली की बिऱ्हाडकरूंचे सगळे प्रश्न आलेच. कोणाची खोली कुठली, कुलूप कोणाचं, नळाला पाणी कधी!

तिथली माणसं एकमेकांना निरोप कसा द्यायची? सगळ्यांना उघडता येईल अशा एका सामाईक कप्प्यात फाइल ठेवून द्यायची, आणि फाइलचं नाव ठेवायचं 'टू टॉम'. टॉम केव्हातरी येऊन बघेल. वाड्याच्या सामाईक जिन्यावर चिठ्ठी अडकवावी तसं. जाणारायेणारा कोणीही ती वाचू शकत होता. म्हणजे पाहा, ईमेलच्याही आधी सामाईक मेलबॉक्स होता, आणि त्याला परवानगी नावाचा प्रकारच नव्हता.

१९६५ मध्ये टॉम व्हॅन व्ह्लेक आणि नोएल मॉरिस या दोन तरुणांनी 'मेल' नावाची आज्ञा लिहिली. ती ज्याला निरोप द्यायचा त्याच्या स्वतःच्या कप्प्यातल्या 'मेल बॉक्स' नावाच्या फाइलला मजकूर जोडायची. जिन्यावरची चिठ्ठी आता ज्याच्या त्याच्या दारातल्या पेटीत पडू लागली.

याच यंत्रणेवर घडलेला एक किस्सा कॉर्बाटो यांनी आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला आहे. मला तो फार आवडतो. मजकूर संपादन करायचा जो प्रोग्रॅम होता, तो काम चालू असताना एका ठरलेल्या नावाची तात्पुरती फाइल तयार करायचा. एका कप्प्यात एका वेळी एकच माणूस काम करणार, असं त्यात गृहीत धरलेलं होतं. पण यंत्रणेचे व्यवस्थापक अनेक होते आणि सोयीसाठी सगळ्यांना एकच कप्पा वापरायला दिलेला. एके दिवशी एक जण सगळ्यांना दिसणारी रोजची सूचना बदलत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डांची यादी बदलत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइली एकाच नावाच्या. व्हायची ती अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी यंत्रणेत शिरेल त्याच्यासमोर 'आजची सूचना' म्हणून सगळ्यांचे पासवर्ड छापून यायला लागले!

आपण हसतो. पण नीट पाहिलं तर चूक प्रोग्रॅमपेक्षा सोयीची होती. अनेक माणसांना यंत्रापुढे एकच माणूस म्हणून उभं केलं होतं. एकाच पासवर्डवर सात जण, तसंच हे.

सीटीएसएसच्या अनुभवातून एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून मल्टिक्स उभारायला घेतलं. एमआयटीत ते १९६९ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. मल्टिक्सने प्रत्येक फाइलला एक यादी जोडली. कोणाला काय करता येईल, त्याची. आज सगळीकडे दिसणाऱ्या परवानग्यांच्या याद्यांचं हे घराणं. पण मला थक्क केलं ते त्यांच्या मेलबॉक्सने. मेलबॉक्ससाठी त्यांनी परवानग्यांची वेगळीच अक्षरं केली होती, आणि ती सहा होती. 'ए' म्हणजे निरोप टाकता येणं. 'डी' म्हणजे कोणताही निरोप काढून टाकता येणं. 'आर' म्हणजे कोणताही निरोप वाचता येणं. 'ओ' म्हणजे आपण स्वतः टाकलेले निरोप तेवढे वाचता आणि काढता येणं. 'एस' म्हणजे पेटीत किती निरोप आहेत एवढंच कळणं. आणि 'डब्ल्यू' म्हणजे निरोप टाकून समोरच्याला जागं करता येणं.

त्या 'ओ'कडे पुन्हा एकदा बघा. माझी चिठ्ठी तुमच्या पेटीत पडली तरी ती मी लिहिली आहे हे यंत्रणा विसरत नाही. मला ती परत घेता येते, पण शेजारच्या चिठ्ठीला हात लावता येत नाही. हे जमायचं असेल तर प्रत्येक चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं खरं नाव आधी हवं. अण्णांच्या बारनिशीची शिस्त त्या मंडळींनी आमच्या आधी कित्येक वर्षं यंत्रात बसवली होती. असो. मल्टिक्स चालवणारं शेवटचं यंत्र २००० साली कॅनडात बंद झालं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं चांगलं होतं तर मग आपल्यापर्यंत का नाही आलं? कारण मध्ये युनिक्स आलं.

बेल लॅब्ज १९६९ मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. मल्टिक्सचा पसारा त्यांनी अंगावर घेतलेला होता, त्यामुळे त्यांना सुटसुटीत काही हवं होतं. पुढे स्थिरावलेल्या युनिक्समध्ये परवानग्यांचा मामला नऊ चौकटींत उरकला. मालक, गट आणि इतर हे तीन. प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं हे तीन. संपलं. टपाल एका सामाईक डिरेक्टरीत, प्रत्येकाच्या नावाची एक फाइल आणि सगळ्या मेल एकामागून एक त्याच फाइलमध्ये.

पद्धत सोपी, आणि या सोपेपणामुळेच ती जगभर गेली. पण दोन गोष्टी हरवल्या. एक, 'लिहिणं' म्हटलं की त्यात चिठ्ठी टाकणंही आलं आणि सगळी फाइल पुसून टाकणंही आलं. नुसतं 'टाकता येईल' असं अक्षरच राहिलं नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या पेटीत टपाल टाकायला जादा अधिकार असलेला वेगळा प्रोग्रॅम लागू लागला. दुसरं म्हणजे दोघांनी एकच मेलबॉक्स एका वेळी उघडला तर फाइल बिघडायची. म्हणून कुलपाची एक फाइल बाजूला तयार करायची, काम झालं की काढायची. प्रोग्रॅम मध्येच पडला तर ते कुलूप तसंच लटकत राहायचं आणि टपाल अडायचं. डॅनिएल बर्नस्टाइन यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात 'मेलडिर' ही पद्धत आणली आणि प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवायला सुरुवात केली. मग ही कुलपाची कटकट मिटली.

अशा यंत्रावर सात जणांनी एक पेटी बघायची तर सोपा मार्ग कोणता? सातही जणांनी एकाच नावाने आत शिरणं. म्हणजे माझ्या मॅनेजरसाहेबांनी सुचवलेला उपाय काही नवा नव्हता. त्याला परंपरा होती!

पण याच काळात दुसऱ्या बाजूने 'करिता' शिल्लक होता. मला हे समजलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेटवर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर मेल पाठवली आणि पत्त्यात ते '@' चिन्ह आलं. मग मेलचा मसुदा कसा असावा यावर बरीच चर्चा झाली. नोव्हेंबर १९७७ मध्ये आरएफसी ७३३ हा दस्तऐवज निघाला. आरएफसी म्हणजे या जाळ्याचे नियम ठरवणारी परिपत्रकं. त्यात 'फ्रॉम' आणि 'सेंडर' अशा दोन वेगळ्या ओळी सांगितल्या होत्या. मजकूर कोणाचा, ते 'फ्रॉम'मध्ये. प्रत्यक्ष पाठवला कोणी, ते 'सेंडर'मध्ये. दोघे एकच असतील तर 'सेंडर' लिहायची गरज नाही. वेगळे असतील तर लिहायचं.

डेव्हिड क्रॉकर यांनी १९८२ मध्ये याची सुधारित आवृत्ती काढली, आरएफसी ८२२. त्यात उदाहरणं आहेत. साहेबांचं पत्र त्यांची सेक्रेटरी पाठवते, तेव्हा 'फ्रॉम'मध्ये साहेब आणि 'सेंडर'मध्ये सेक्रेटरी. हुबेहूब 'करिता'! समितीच्या कामाचंही उदाहरण आहे. एक सभासद लिहितो, पण उत्तर मात्र सगळ्या समितीला जावं, ते कसं करायचं. 'सेंडर'मध्ये पाठवणाऱ्याची खात्री केलेली ओळख असावी, असंही तिथे सांगितलं आहे.

म्हणजे माझ्या कंपनीतला प्रसंग घडायच्या २७ वर्षं आधी कोणीतरी त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलं होतं. फक्त ते कागदावर होतं. टपाल वाहून नेणारा एसएमटीपी हा नियमही त्याच १९८२ सालचा, आणि त्यात पाठवणाऱ्याला 'तू कोण?' असं खात्री करून विचारायची काही सोयच नव्हती. पाकिटावर मागच्या बाजूला कोणाचंही नाव लिहावं आणि पोस्टाच्या पेटीत टाकावं, तसंच. ती सोय मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५५४ ने आली. लिहिणारे जॉन मायर्स.

हे मायर्स अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मंडळींतले. त्यांचं आणखी एक काम आपल्या गोष्टीत फार मोलाचं आहे. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला आयमॅप सुरू केलं. त्यात टपाल आपल्या यंत्रावर उचलून न आणता सर्व्हरवरच ठेवून वाचायचं. टपाल एका जागी राहिलं म्हणजे ते अनेकांना मिळून बघता येईल हे ओघानेच आलं. आणि अनेक आले की परवानग्या आल्या. मायर्स यांनी जानेवारी १९९७ मध्ये आरएफसी २०८६ लिहून आयमॅपच्या मेलबॉक्ससाठी परवानग्यांची यादी आणली. नऊ अक्षरं. कप्पा दिसणं वेगळं, वाचणं वेगळं, 'वाचलं' ही खूण टिकणं वेगळं, बाकीच्या खुणा करणं वेगळं, आत मेल ठेवणं वेगळं, त्या कप्प्याच्या पत्त्यावर मेल धाडणं वेगळं, पोटकप्पे करणं वेगळं, पुसणं वेगळं, आणि दुसऱ्यांना परवानग्या देणं वेगळं. मल्टिक्सची सहा अक्षरं जणू नऊ होऊन परत आली.

डिसेंबर २००५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली, आरएफसी ४३१४. त्यात 'पुसणं' या एकाच हक्काचे तीन तुकडे केले. मेलवर पुसण्याची खूण करणं, ती खरोखर पुसणं आणि अख्खा कप्पाच काढून टाकणं. आठ वर्षांच्या वापरातून लोक शहाणे झाले होते. एकाला खूण करू द्यावी आणि दुसऱ्याने बघून मगच पुसावं, ही गरज कुठल्याही कार्यालयात असतेच.

एक मात्र लक्षात ठेवा. त्या नऊ अक्षरांत 'या नावाने पाठवणं' हे अक्षर नव्हतंच. कारण आयमॅप टपाल वाचायचा रस्ता आणि एसएमटीपी पाठवायचा. दोन रस्ते, दोन नाकी. "मला मेलबॉक्स दिसतो पण त्यावरून पाठवता येत नाही" ही तक्रार जिथे तिथे का ऐकू येते, त्याचं मूळ इथे आहे. आणि मे १९९७ मध्ये क्रॉकर यांनीच आरएफसी २१४२ लिहून माहिती, विक्री, मदत, तक्रार अशा कामांसाठी ठरावीक नावांचे पत्ते सुचवले होते. म्हणजे माणसाचे नव्हे तर टेबलाचे पत्ते! टेबलाला पत्ता मिळाला, पण टेबलामागे बसतो कोण, हा प्रश्न ज्याने त्याने आपापला सोडवायचा होता.

कार्यालयांमध्ये तो सोडवायची पाळी बऱ्याच ठिकाणी मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजवर आली. १९९६ पासून हा सर्व्हर कचेऱ्यांतून शिरला. त्यात तीन वेगळे हक्क आहेत. मेलबॉक्स पूर्ण उघडण्याचा, त्याच्या नावाने पाठवण्याचा आणि त्याच्या वतीने पाठवण्याचा. तिसऱ्या प्रकारात मेल मिळणाऱ्याला दोन्ही नावं दिसतात, अमुकच्या वतीने तमुक. म्हणजे पहिला अण्णांचा पाकीट फोडण्याचा हक्क, दुसरा साहेबांची सही, तिसरा 'करिता'.

गंमत अशी की बराच काळ पहिला हक्क मिळाला की दुसरा आपोआप मिळायचा. कपाटाची किल्ली दिली की सहीचा शिक्काही हातात! मायक्रोसॉफ्टने हे २००६ मध्ये सुधारलं. एक्स्चेंज २००० आणि २००३ साठी निघालेल्या दुरुस्तीनंतर पाठवण्याचा हक्क वेगळा द्यावा लागू लागला. आणि मग जगभर ओरड झाली. सामाईक मेलबॉक्सवरून मेल जाईनात, ब्लॅकबेरीसारख्या फोनवरून मेल जाईनात. कारण त्यांना जोडणारी खाती वर्षानुवर्षं त्या फुकटच्या शिक्क्यावर चालली होती. दुरुस्ती योग्य होती, तरी सगळ्यांना ती बिघाडच वाटली.

आणखी एक चमत्कारिक प्रकार. सकाळी परवानगी द्यावी, ती चालावी, आणि तासाभराने आपोआप गायब व्हावी! भुताटकी नाही हो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रशासकांच्या गटातल्या खात्यांचे हक्क दर तासाला एका ठरलेल्या नमुन्याशी ताडून पाहिले जातात आणि जास्तीचं काही आढळलं तर पुसलं जातं. ज्या खात्याच्या नावाने पाठवायचं ते अशा गटात असेल तर आपण दिलेला हक्क टिकत नाही. चोर आत शिरून स्वतःला कायमचा हक्क देऊन ठेवू नये म्हणून घातलेला हा पहारा. पहारेकरी चोख काम करतो, आपण मात्र त्याला शिव्या घालतो.

मग एक्स्चेंज २००७ मध्ये मला हवी होती ती गोष्ट आली. 'सामाईक' हा मेलबॉक्सचा एक वेगळा प्रकारच झाला. त्याच्याशी जोडलेलं खातं बंद असतं. म्हणजे त्या नावाने आत शिरताच येत नाही. ज्याला आत यायचं त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पासवर्डने यायचं. पिवळ्या चिठ्ठीवर लिहायला काही उरतच नाही. पुढे एक्स्चेंज २०१० च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये कोणी उघडलं, कोणी पुसलं, कोणाच्या नावाने कोणी पाठवलं याची नोंदवही आली. सुरुवातीला ती मुद्दाम चालू करावी लागायची. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेत ती २०१९ पासून आपोआप चालू असते. बारनिशीचं आवक-जावक रजिस्टर इतक्या वर्षांनी सर्व्हरमध्ये आलं म्हणायचं.

आता परत त्या पाऊण तासाकडे येतो.

खूप नंतर, शांतपणे वाचत बसलो असताना मला कळलं की त्या दिवशी मी दिलेली परवानगी बरोबर होती. पहिल्याच वेळी बरोबर होती. आमचा सर्व्हर परवानग्यांची उत्तरं काही वेळ स्वतःच्या स्मरणात धरून ठेवायचा, दर वेळी नव्याने विचारायला जायचा नाही. ती मुदत होती दोन तास. मी दिलेला बदल त्याच्या लक्षात यायला दोन तास लागणार होते, आणि मी पाऊण तासात हात टेकले. वर काढ-घाल करून गोंधळ वाढवला तो वेगळाच. चहा प्यायला गेलो असतो, जेवून आलो असतो, तर सात माणसं आपापल्या नावाने त्या मेलबॉक्समध्ये शिरली असती. आणि त्या संध्याकाळी सर्व्हरला माहीत असतं.

तेव्हापासून मी कानाला खडा लावला. 'मेलबॉक्स उघडत नाही' किंवा 'पाठवता येत नाही' अशी तक्रार आली की काही बदलायच्या आधी मी चार प्रश्न विचारतो. नेमकं काय होत नाही? दिसणं, वाचणं, पुसणं की पाठवणं? कारण त्यांची कुलुपं वेगळी आहेत. सर्व्हर तुला कोण म्हणून ओळखतो? कारण गटात नाव घातलं तरी माणूस पुन्हा लॉगिन करीपर्यंत यंत्राला ते कळत नाही. हक्क दिला कुठे आणि नाकारला कुठे? विंडोजच्या याद्यांत थेट दिलेला नकार सगळ्यांत वरचढ, त्याखाली थेट दिलेली परवानगी, मग वरून वारशाने आलेला नकार, आणि वारशाची परवानगी सगळ्यांत शेवटी. सातबाऱ्यावरच्या वारसांपेक्षा हा हिशेब बरा, निदान क्रम तरी ठरलेला आहे! आणि चौथा, सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न मी स्वतःला विचारतो. बदल करून किती वेळ झाला?

हाताखालच्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा ती मान डोलावतात. पण त्यांच्याही मागे कोणीतरी उभं असतंच. घाईत असलेलं, रास्त मागणी घेऊन आलेलं. "पासवर्डच देऊन टाका ना" हे वाक्य काही संपलेलं नाही. सामाईक पासवर्ड देताना आपल्याला वाटतं, आपण सात जणांवर विश्वास टाकला. वेळ आली की कळतं, त्यांच्यातल्या एकावरही विश्वास ठेवायला आपण जागा ठेवलेली नाही. मेल कोणी लिहिली हे सांगता येत नाही, तसंच कोणी लिहिली नाही हेही सांगता येत नाही. आणि हे दुसरं न सांगता येणं पहिल्यापेक्षा वाईट.

अण्णा निवृत्त झाल्यावर त्यांना मी एकदा हा सगळा प्रसंग सांगितला होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "त्या पोराला तू नंतर भेटलास का रे?"

नाही भेटलो. तेव्हा मला वाटलं होतं, माझा काय संबंध, मी फक्त सर्व्हर सांभाळतो.